पेन्सिलीचा गोल

२ मार्च

आत्या,

वाकून नमस्कार. (खरंच वाकले. पेन टेबलाखाली गेलं होतं.)

सुखरूप पोचले. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. एक तर तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेला निम्मा वेळ तूच बोलत असतेस. शिवाय इथले फोन आपल्याखेरीज आणखी कुणीतरी ऐकतं, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलंय. आपल्या वकिलातीची टपालाची थैली दर आठवड्याला तिकडे जाते आणि येते. तिच्यातून पत्रं पाठवता येतात, तेव्हा तू आपली लिहीत जा.

इथली निवडणूक सरळ व्हावी म्हणून आपल्या सरकारनं आम्हा बारा जणांना मदतीला पाठवलंय. मला शहराच्या जुन्या भागातला एक वॉर्ड मिळालाय. घरोघर जाऊन मतदारयादी तपासायची आणि इथल्या बायकांना ते काम शिकवायचं. राहायला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरची वरची खोली आहे. त्यांना सगळी गल्ली शिलाईताई म्हणते. एकट्याच असतात. तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं मला आधी कळायचंच नाही, मग लक्षात आलं की भाषेचा दोष नाही, टाचण्यांचा आहे. माझ्या हाताखालच्या बायकांमध्ये त्या सगळ्यांत हुशार आहेत.

पण आत्या, मी हादरले आहे. यादीतल्या चुका, गाळलेली नावं, मेलेले मतदार, हे सगळं मी धरूनच आले होते. आज एका घरात एका बाईनं मला विचारलं, "मत दिल्यावर घरी परत येता येईल ना?" मी हसले. मला वाटलं, रांग किती असेल ते विचारतेय. शिलाईताईंनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. मागच्या खेपेला त्या बाईचा नवरा मत द्यायला गेला होता, तो अजून आलेला नाही. त्यानंतर पुढच्या सहा घरांत प्रश्न शिलाईताईंनीच विचारले.

तुझ्या त्या पेन्सिलीच्या खुणा मला नीट लिहून पाठव. लहानपणी तुझ्याबरोबर यादीच्या कामाला उन्हातून हिंडले तेव्हा बघितल्या होत्या, पण कुठली कशाची ते आठवत नाही.

तुझी,
भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पेन टेबलाखाली गेल्याशिवाय तू वाकणार नाहीस हे मला ठाऊक होतंच.

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण माझ्या कामाबद्दल मला कुणी अवाक्षर विचारलेलं नाही. तुझा बाप तर अजून म्हणतो, "ताई शाळेत गणित शिकवायची आणि निवडणुकीला पिशवी घेऊन हिंडायची." त्याला हे पत्र दाखवून मग पाकीट बंद करणार आहे. तीस वर्षं यादीचं काम केलं, एक नाव इकडचं तिकडे झालं नाही. भिंतीवर सन्मानपत्र आहे ते काही उगाच नाही.

तर ऐक. खुणा यादीच्या उजव्या समासात, पेन्सिलीनं, घराच्या क्रमांकासमोर. टिंब म्हणजे घरात जिना न चढता येणारं माणूस आहे, केंद्रावर खुर्ची ठेवायची. आडवी रेघ म्हणजे दिवसा घरी कुणी नसतं, संध्याकाळी जायचं. आणि गोल म्हणजे घाबरलेलं घर. कुणीतरी दम दिलाय, किंवा मागचा काही अनुभव आहे. अशा घरी मतदानाच्या दिवशी आपण स्वतः जायचं, शेजारच्या चारजणी सोबत घ्यायच्या आणि मिळून केंद्रावर न्यायचं. एकटं माणूस घाबरतं, पाचजणी गप्पा मारत निघाल्या की कुणी वाटेत येत नाही. हा गोल माझ्या डोक्यातून निघालेला आहे. कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

एक मात्र कर. यादी स्वतःच्या पिशवीत ठेवायची. कुणी साहेब असो नाहीतर साहेबाचा साहेब, हातातून सोडायची नाही. एवढं पाळ म्हणजे झालं.

टाचण्यावाल्या बाईंना सांग, तोंडात टाचण्या धरू नयेत. माझ्या एका मैत्रिणीनं गिळली होती.

तुझी आत्या

१९ मार्च

आत्या,

नमस्कार, आणि तुझा जयजयकार!

तुझं पत्र मी सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवलं, त्यांच्या भाषेत, जमेल तसं. गोलाचं ऐकून सगळ्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग एकजण म्हणाली, "म्हणजे आमची भीती कुणीतरी लिहून घेणार?" तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून सगळ्या तुला 'गोलवाल्या आत्या' म्हणतात. बाबांना हेही दाखव.

यादी पुरी झाली. आमच्या वॉर्डात चारशे तीस घरं आहेत आणि गोल झाले एकसष्ट. एकसष्टावा मी काढलाय, शिलाईताईंच्या घरासमोर, त्यांना न सांगता. गेल्या आठवड्यात कपडे न्यायला आलेला एक माणूस त्यांना म्हणाला, "बाई, तीस तारखेला मशीनवरच बसा, तब्येतीला बरं असतं." त्या हसल्या, पण त्यानंतर त्यांनी तीच शिवण दोनदा उसवली. गोल काढला म्हणजे त्या दिवशी त्यांच्याकडे कुणीतरी नक्की जाईल, एवढंच माझ्या मनात होतं. मी तर पहाटेपासून केंद्रांवर असणार.

तुझ्या पिशवीच्या बाबतीत मात्र थोडी पळवाट काढली, ओरडू नकोस. वॉर्ड कचेरीचा नियमच आहे, शेवटच्या तपासणीसाठी यादी तीन दिवस त्यांच्याकडे ठेवायची. कारकून इतका अदबीनं बोलला की नाही म्हणायला लाज वाटली. शिक्का मारून, वेळ घालून पावती दिली. तिन्ही दिवस पुरे झाल्यावर यादी जशीच्या तशी परत आली. एक पान दुमडलेलंसुद्धा नाही. तुझा तो कारकुनांवरचा जुना राग आहे बघ, दुसरं काही नाही.

मतदान तीस तारखेला. देवाकडे माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी काय ते माग.

तुझी,
भिंगरी

२६ मार्च

भिंगरी,

पत्र आत्ता आलं. लगेच लिहितेय, थैली दुपारी जाणार आहे.

यादी त्यांच्याकडे गेली म्हणजे त्यांनी गोल बघितले. ताबडतोब तुमच्या प्रमुखांना सांग. त्या एकसष्ट घरांपाशी तीस तारखेला उजाडायच्या आधी माणसं उभी करा. दाराबाहेर. आत नको, दाराबाहेर. कारण विचारत बसू नकोस. मी उगाच सांगत नाहीये.

आज दोनदा फोन लावला, लागला नाही.

आत्या

३० मार्च, दुपारी बारा

आत्या,

केंद्राबाहेरच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. शांतता आहे. दगड नाही, दंगा नाही, रांगेत ढकलाढकली नाही. प्रमुख सकाळीच फेरी मारून गेले आणि म्हणाले की, असं शिस्तीचं मतदान त्यांनी बघितलेलं नाही. अहवालात 'मतदान शांततेत पार पडले' हे वाक्य आत्ताच लिहून टाकतो म्हणाले. गोलवाल्या घरांतल्यांना आणायला गेलेल्या आपल्या बायका मात्र अजून कुणाला घेऊन आलेल्या नाहीत. बहुतेक दुपारनंतर येतील.

चपलेचा अंगठा तुटलाय. शिलाईताईंकडून टाका घालून घ्यावा म्हणून घरी जाऊन येते. त्याही अजून मत द्यायला दिसल्या नाहीत.

१ एप्रिल

तेच पत्र पुढे लिहितेय.

घरी गेले तर दाराच्या बाहेरच्या कडीतून तार ओवलेली होती. बांधकामावर लोखंडी सळ्या बांधायची असते ती. तीन वेढे आणि घट्ट पीळ. पहाटे पाचला मी त्याच दारातून बाहेर पडले होते, तेव्हा नव्हती. मला आधी काही कळेचना. मी वेड्यासारखी दार वाजवत राहिले. आतून शिलाईताई म्हणाल्या, "वाजवू नकोस. मी सकाळी सहापासून वाजवतेय." गल्लीतून लोक मान खाली घालून जात होते. सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

समोरच्या दुकानातून पक्कड आणली आणि तार तोडली. ताई बाहेर आल्या, पायात चपला घातलेल्या, हातात ओळखपत्र. सहापासून तशाच बसलेल्या. म्हणाल्या, "चल, पलीकडच्या म्हातारीचं बघू." तिच्या दाराला तीच तार. तिच्या पुढच्या, विटा वाहणाऱ्या जोडप्याच्या दाराला तीच तार. सोबत न्यायला निघालेल्या आपल्या बायकांतल्या तिघी स्वतःच्याच घरात कोंडलेल्या सापडल्या. बाकीच्यांना गल्लीच्या तोंडाशी अडवून माघारी धाडलं होतं.

तिसऱ्या दारापाशी माझे पाय थांबले, आत्या. चौथं दार कुठलं असेल ते मला माहीत होतं.

यादीचे फोटो मी फोनमध्ये काढून ठेवले होते, ते उघडले. जिथे गोल तिथे तार. जिथे गोल नाही तिथे दार मोकळं. एका भिंतीला दोन घरं, एकाला तार आणि एकाला नाही. एकसष्ट गोल, एकसष्ट तारा. आख्ख्या वॉर्डात कोण घाबरलंय हे शोधायला त्यांना एक पाऊलही टाकावं लागलं नाही. मी घरोघर हिंडून, प्रेमानं विचारून, त्यांना नेऊन दिलं. तेही पावती घेऊन.

पाच वाजेपर्यंत आम्ही चौतीस दारं सोडवली. मग केंद्र बंद झालं.

काल सकाळी शिलाईताई पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेल्या. मी बरोबर होते. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तासाभरानं सांगितलं, त्या मागच्या दारानं घरी गेल्या. घरी नाहीत. खोटी तक्रार देऊन अशांतता पसरवल्याबद्दल त्यांना धरलंय, असं संध्याकाळी कळलं. कुठे ठेवलंय ते कुणी सांगत नाही. मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच आहे.

आणि आज थैली आली, तिच्यात तुझं सव्वीस तारखेचं पत्र. दाराबाहेर, आत नको, दाराबाहेर. मी ते वाक्य वीस वेळा वाचलं.

तुला कसं माहीत होतं?

८ एप्रिल

भिंगरी,

विचारलंस ते बरं केलंस. मी स्वतःहून सांगितलं नसतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच गावात, मी यादीचं काम करत होते तेव्हाची. वॉर्डातले एक पुढारी शाळेत आले. "बाई, तुमच्या यादीत घाबरणाऱ्यांच्या खुणा असतात म्हणे. एका दुपारपुरती द्या, त्यांच्यासाठी गाड्या पाठवतो." मला काय आनंद झाला! आपल्या खुणेची कुणीतरी दखल घेतली. दिली. संध्याकाळी परत आली, एक पान दुमडलेलं नव्हतं.

चौदा गोल होते. मतदानाला त्या चौदांतलं एकही माणूस आलं नाही. मी वाट बघून बघून चिडले. मुख्य म्हणजे मी त्यांना आणायला गेलेच नाही, कारण गाड्या जाणार होत्या. दुसऱ्या दिवशी त्या चौदाही घरी गेले आणि एकेकाला फैलावर घेतलं. हक्क मिळालाय तर वापरायची अक्कल नाही, तुमच्यासारख्यांमुळेच हे असं चालतं, असलं काहीबाही बोलले. सगळे खाली बघत उभे राहिले. मला वाटलं, शरमले.

सात वर्षांपूर्वी आपली दूधवाली, ती त्या चौदांतलीच, दूध घालता घालता सहज म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा ओरडलात ना, पण आमच्या दाराला बाहेरून कडी होती. सगळ्यांच्याच होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भांडायला गेला असता आणि तुमची नोकरी गेली असती." माझ्या हातातलं पातेलं सुटलं. ती म्हणाली, असू दे, आणि पुन्हा तेवढंच दूध घातलं. कड्या घालणाऱ्यांना घरं कशी कळली, हे तिला अजून माहीत नाही. मला त्याच क्षणी कळलं.

मी कुणालाही सांगितलं नाही. सन्मानपत्र भिंतीवरच राहिलं. रोज तिच्या दुधाचा चहा पिते.

तू खुणा विचारल्यास तेव्हा गोल गाळता आला असता. निदान यादी का सोडायची नाही एवढं लिहिता आलं असतं. पण दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारत होतं, आणि तुझ्या डोळ्यांतली गोलवाली आत्या मला मोडायची नव्हती. पिशवीत ठेव एवढं लिहिलं आणि स्वतःची समजूत घातली की सांगितलं.

बाईंचा काही पत्ता लागला का?

आत्या

१५ एप्रिल

आत्या,

तुझ्यावर ओरडणारी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. रागवायला वेळ नाही म्हणून हे चौथं.

ताई जिवंत आहेत. शहराबाहेरच्या एका कोठडीत आहेत, एवढं एका वकीलबाईंनी शोधून काढलं. भेटू देत नाहीत. निवडणुकीच्या तक्रारी ऐकायला तीन न्यायाधीशांचं मंडळ आहे. तिथे पोलिसांचं म्हणणं असं की तारा ताईंनीच बांधल्या, बदनामीसाठी. मी यादीचे फोटो पुढे केले तर म्हणाले, गोल मागाहून काढलेत, फोटोवरची तारीख कुणालाही बदलता येते.

गोल आधी होते, आणि त्यांचा अर्थ काय होता, हे सांगणारा माझ्या हाताशी एकच कागद आहे. तुझं दहा मार्चचं पत्र. त्यावर थैलीचा तारखेचा शिक्का आहे. माझ्याकडे वॉर्ड कचेरीची वेळ घातलेली पावती आहे. दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

प्रमुख म्हणतात, देऊ नका. यादी आपण केलेली, गोल आपले, नाचक्की आपल्या देशाची होईल, आणि दोन देशांच्या मैत्रीचं काय? मी त्यांना विचारलं, ही मैत्री नक्की कुणाशी आहे, शिलाईताईंशी की कारकुनाशी? त्यांनी मला कामावरून कमी केलंय. खोली सोडलेली नाही. भाडं घेणारं कुणी घरात नाही.

वकीलबाई म्हणतात, तुझं आठ एप्रिलचं पत्रही द्यावं. म्हणजे यादीचा असा उपयोग होतो, आधी झालेला आहे, हे सिद्ध होईल. पण ते भर सभेत मोठ्यानं वाचतात आणि छापूनही येतं. तिकडेही येईल. बाबा वाचतील, शाळा वाचेल, दूधवालीही वाचेल किंवा तिला कुणीतरी वाचून दाखवेल.

देऊ का?

२१ एप्रिल

भिंगरी,

दे.

बावीस वर्षांपूर्वीची माझी यादीची प्रत ट्रंकेत होती, तीही पाठवते आहे. चौदा गोल मोजून घे. प्रत्येक पानावर सही करून आजची तारीख घातली आहे. तुझ्या बापाला मीच वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. मग परत आला आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

आत्या

१४ मे

आत्या,

नमस्कार. यावेळी पेन पडलेलं नाही.

तुझी दोन्ही पत्रं मंडळापुढे वाचली. वकीलबाईंनी त्यांच्या भाषेत वाचली, मी शेजारी उभी राहून शब्द बरोबर आहेत ना ते बघत होते. 'एक पान दुमडलेलं नव्हतं' इथे मधल्या न्यायाधीशांनी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. त्या कारकुनाला बोलावलं होतं. तो अदबीनंच म्हणाला की, साहेबांनी नक्कल काढायला सांगितली म्हणून काढली, त्यात चूक काय? त्याला खरोखरच चूक दिसत नव्हती. इतक्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते त्या माणसाच्या चेहऱ्यानं.

ताईंना सोडलं. आमच्या वॉर्डातलं मतदान रद्द झालं आणि पुन्हा बारा मेला ठेवलं.

त्या घरी आल्या तेव्हा मी जिन्यात उभी होते. उजवा हात सुजून मनगटापासून वाकडा झालाय. कात्री धरता येत नाही. येईल पुढे, असं डॉक्टर म्हणतात, पण माझ्याकडे न बघता म्हणतात. ताईंनी मशीनवरचा अर्धा फ्रॉक डाव्या हातानं उचलला, झटकला, घडी घातली. मग विचारलं, "माझ्या घरासमोरचा गोल तू काढलास?"

"हो."

"पेन्सिलीनं?"

"हो."

"मग यादी द्यायच्या आधी पुसायचा होतास."

एवढंच. आत्या, खरंच होतं. साधं खोडरबर माझ्या पिशवीत होतं. गोल आपल्या बायकांना तोंडपाठ होते, पुसून दिले असते तरी काही अडलं नसतं. हे तुला सुचलं नाही आणि मलाही नाही. आपल्याला ते गोल मिरवायचे होते.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायचं ताट मात्र माझं वाढलेलं असायचं. नवी यादी करू का म्हणून मी विचारलं, तर नुसती नाही म्हणून मान हलवली. दिवसभर त्या घरोघर जात होत्या. हातात कागद नाही, पेन्सिल नाही.

अकरा मेला दुपारी खाली खटखट ऐकू आली म्हणून उतरले. ताई एका सुताराकडून स्वतःच्या दाराच्या बिजागऱ्या काढून घेत होत्या. मला वाटलं, दुरुस्ती असेल. दार निखळलं, दोघांनी उचललं आणि आत भिंतीला टेकवून ठेवलं. मग सुतार हत्यारं घेऊन निघून गेला; आमचं दार शेवटचं होतं, बाकीची ज्यानं त्यानं सकाळपासून उतरवली होती. मी गल्लीत आले आणि जागच्या जागी उभी राहिले. एकही दार नव्हतं. कुठल्याच घराला नव्हतं, पुढच्या गल्ल्यांतही नव्हतं. फक्त गोलवाल्या एकसष्ट घरांना नाही, चारशे तीसच्या चारशे तीस घरांना. कोण घाबरलंय आणि कोण नाही, हे बघून कळायला काही मार्गच ठेवला नव्हता. लोकांची अंथरुणं, भांडी, खाटेवरची आजारी माणसं, सगळं रस्त्यावरून दिसत होतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

ताई माझ्याजवळ आल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "तुझ्या आत्यांना लिही," म्हणाल्या, "आता ज्याला तार बांधायची त्यानं बांधावी म्हणावं."

बारा तारखेला सकाळी तारवाले आले होते. गल्लीच्या तोंडाशी तारेचं भेंडोळं तसंच टाकून गेले. दुपारी एकपर्यंत आख्खा वॉर्ड मत देऊन आला. ताईंनी डाव्या हातानं शिक्का मारला.

कोण निवडून आलं ते अजून कळायचंय. मी पुढच्या आठवड्यात निघते.

तुझी,
भिंगरी

२२ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बापानं मोठ्यानं वाचलं. दारांपाशी आल्यावर त्यानं कागद माझ्याकडे सरकवला, उरलेलं मीच वाचलं. खोडरबराचं खरं आहे. तीस वर्षं माझ्याही पिशवीत होतं.

आमच्याकडेही छापून आलं आहे. शाळेतून कुणाचा फोन नाही, भेटायलाही कुणी आलं नाही. सन्मानपत्र काढून ठेवलं. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिलाय, तो जास्तच डोळ्यांत भरतो.

दूधवालीला वाचता येत नाही. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण काल सकाळीही तिनं नेहमीसारखं माप भरून वर चार थेंब घातले. ते थेंब मला बघवेनात. म्हणून दुपारी तिच्या घरी गेले. बावीस वर्षांपूर्वी तिला फैलावर घ्यायला गेले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. दार तेच आहे. बाहेरची कडीही तीच, गंजलेली.

तिनं आत बोलावलं, पाट दिला. मी बसले नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं. ती कोपराला लागलेलं पीठ पुसत ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "म्हणजे यादी तुम्हीच दिली होती?"

म्हटलं, "हो. मीच."

मला वाटत होतं ती ओरडेल, मी ओरडले होते तशी. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच दार लोटलं आणि आतून कडी लावली. तो आवाज मला नीट ऐकू आला, या असल्या कानांनीसुद्धा.

आज दूध आलं नाही. तेरा घरं अजून राहिली आहेत. त्यातली नऊ माणसं हयात आहेत, चौघांची मुलं आहेत. आज दोन घरं करते आणि उद्या सकाळी पुन्हा दूधवालीच्या दाराशी जाते.

तू ये.

तुझी आत्या